ऑपरेशन थिएटरबाहेर उपसर्गांचा खेळ

मित्रांनो, सकाळी आमच्या हिला हृदयाच्या ऑपरेशनला आत नेलं. जाताना मला म्हणते, "तोंड काहून पाडलं जी? मी का चंद्रावर चालली?"

बाहेर बसवेना. शाळेत गुरुजी एक शब्द द्यायचे आणि बाकाबाकावरून त्याला नवनवे उपसर्ग लागत जायचे. भीती घालवायला नातीसोबत तोच खेळ मांडला. शब्द दिला ‘हार’.

"आहार," ती म्हणाली.

"विहार."

"उपहार!"

माझ्या ओठांवर ‘संहार’ आला. मी तो गिळला.

"आबा, काहून थांबले?"

"तू जिंकली वं," म्हणालो.

दार अजून बंदच आहे आणि नात म्हणते, पुन्हा खेळू. कोणताही उपसर्ग लागला तरी भीती वाटणार नाही, असा एखादा शब्द सुचवाल का?