त्रिंबकनानाचे न मिळणारे दात

चितेगावात आवई उठलीय की त्रिंबकनानानं डॉक्टरचं बोट चावून तोडलं. कोणत्या हाताचं, यावरही पारावर दोन तट आहेत. सगळं झूट. चावायला वरचे-खालचे दात मिळावे लागतात, अन् नानाचे मिळतच नव्हते. भांडण तेच होतं.

पैठण रोडवर मेंढरं पार करताना उलट्या बाजूनं आलेल्या मोटारसायकलनं नानाला उडवलं. हनुवटी मोडली. शहरातल्या दवाखान्यात तिला प्लेट बसवली. चौथ्या दिवशी शिकाऊ डॉक्टर घरी सोडायचा कागद घेऊन हजर.

"म्होरले दात मिळंनात," नाना म्हणाला.

"सूज आहे बाबा. उतरेल."

"कानापाशी ठणकतंय."

"सूजच आहे ना बाबा."

नानाच्या डोक्यात तिडीक गेली. चाळीस वर्षं मेंढराचा जबडा उघडून त्याचं वय सांगणारा माणूस. बाजारात त्याचा शब्द कुणी मोडला नव्हता. अन् हे पोर त्याच्याच तोंडातलं त्याला शिकवत होतं. असंच घरी गेलं तर भाकर जन्मासाठी तुटली.

"आवं, करा की सही," बायको म्हाळसाबाई म्हणाली. "सायेब काय खोटं बोलत्यात व्हय?"

"ह्या तोंडानं तू जेवणार हाईस का मी?"

नानानं पट्टीचा दोरा उपसला, पुढच्या दातांत धरला, दाढा आवळल्या अन् ओढला. सुळकन बाहेर.

मग दुसऱ्यांदा दोरा दाढांत धरून टोक शिकाऊ डॉक्टरपुढं केलं. "आता तू वढ. सूज दाढांला भेटू देती अन् म्होरल्यांलाच नाय?"

राउंडवरच्या मोठ्या डॉक्टरीणबाई तिथंच थबकल्या. दोरा त्यांनी स्वतः ओढून पाहिला, कानापुढं बोटं ठेवून जबडा उघडायला-मिटायला लावला, परत एक्स-रे फोटो काढायला सांगितला. कानाजवळचं हाड मोडलेलं राहूनच गेलं होतं. नाना पुन्हा ऑपरेशनच्या थेटरात गेला. या खेपेला वरचे-खालचे दात मिळवून तारांनी बांधले. तीन आठवडे नुसतं पातळ.

मी नानाचा भाचा. आता तरी नाना कुणाला झापणार नाही, अशी मी त्याच्याशीच पैज लावली. हरलो तर महिनाभर मेंढरांचा वाडा झाडायचा. नानानं मान हलवली.

सकाळी तोच शिकाऊ डॉक्टर शेजारच्या खाटेवर आला. गालाचं हाड मोडलेला फकिरा म्हणत होता, "सायेब, एकाचे दोन दिसाय लागले." डॉक्टर लिहीतच राहिला.

बांधल्या दातांतून नाना फिसफिसला, पण अख्ख्या वॉर्डाला कळलं, "पेन ठिव. आदी त्याचं आयक."

डॉक्टरनं पेन खिशाला लावलं अन् टॉर्च काढली. मी नानाकडं बघितलंच नाही. वाडा दिवसातून दोनदा झाडावा लागतो.