पाव सूर खाली

तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर, मास्तरांचा आवाज फाटला आणि रिहर्सल तिथेच थांबली.

गंगाधरनं पेटीवरचे हात उचलले. मास्तरांनी तंबोरा हळूच आडवा ठेवला, उपरणं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "यंदाच्या सभेतून माझं नाव काढा." एवढं बोलून ते जिना उतरून गेले.

मी पेटी दुरुस्त करणारा माणूस. पेटी म्हणजे हार्मोनियम. बुऱ्हाणपुरात इतवाऱ्यात माझं लहानसं दुकान होतं. अमदानी इंग्रजांची होती. शहरात गायन मंडळ होतं आणि दर वैशाखात तापीवर राजघाटाच्या पायऱ्यांवर तीन संध्याकाळ गाणं व्हायचं. नदी तेव्हा एका काठाला लागलेली असते. पायऱ्यांवर लोक बसतात, खाली फळ्या टाकून स्टेज करतात. त्या तीन दिवसांआधी पेटीचं ट्यूनिंग करून देणं हे माझं काम. तिसऱ्या दिवशी शेवटी मास्तर गायचे. अर्ध्या गावाला त्यांनीच सा लावायला शिकवला होता. मलाही.

थंडीत मास्तरांना विषमज्वर झाला. महिनाभर अंथरुणात होते. उठले ते आवाज घेऊनच उठले, पण तो पहिला नव्हता.

थोडं समजावून सांगतो. गवई आपला सा पेटीच्या कुठल्यातरी एका पट्टीवर धरतो. मास्तरांची पट्टी काळी एक. तीस वर्षं तीच. आजारानंतर त्या पट्टीत वरचा सा पोचेना. मग एक घर खाली उतरून पांढरी एक घ्यावी, असं कोणीही म्हणेल. गंगाधरनं तेही करून पाहिलं होतं. पण तिथे खालचे सूर बसून जायचे, आवाज विहिरीत बोलल्यासारखा यायचा. शिवाय मास्तरांना ते लागलं. "मी पांढरीवर आलो हे लोकांनी बघायचं का?" असं ते त्याला म्हणाले.

गंगाधर पोस्टातला बाबू. मास्तरांचा जुना शिष्य, त्यांची साथ तोच करायचा. दुसऱ्या दिवशी कचेरीला जाता जाता माझ्या दुकानात आला.

"रघूभाऊ, मास्तरांचा गळा दोन पट्ट्यांच्या मध्ये अडकला आहे. काळीत फाटतो, पांढरीत बसतो."

"मध्ये पट्टी नसते, गंगाधर."

"ते मलाही माहीत आहे. म्हणून तर तुमच्याकडे आलो."

तो गेला. मी विचार करत बसलो. तंबोरा कुठेही लावता येतो, तबला ठोकून चढवता-उतरवता येतो. अडून बसते ती पेटीच. तिचे सूर पितळेत कापलेले असतात. प्रत्येक पट्टीखाली एक पितळी रीड असते, तिला बारीक जीभ असते. भात्याची हवा लागली की जीभ हलते आणि सूर येतो. जीभ मुळाशी घासली की सूर उतरतो, टोकाशी घासली की चढतो. सगळी पेटी पाव सूर खाली उतरवली तर? गंगाधर काळी एकवरच वाजवेल आणि मास्तरांना त्यांचा गळा मिळेल.

पण बरोबर किती खाली, ते आधी कळायला हवं होतं. मास्तरांना विचारलं असतं तर त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं असतं.

मी माईंना गाठलं. माई म्हणजे मास्तरांच्या पत्नी. त्या भाजी घेऊन घरी निघाल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या, मग म्हणाल्या, "सकाळी मोगऱ्याला पाणी घालताना गुणगुणतात ते. कोणी ऐकत नाही असं वाटतं ना त्यांना. तंबोऱ्याची तार बदलायला म्हणून ये उद्या."

गेलो. मास्तर परसात होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं गुणगुणणं ऐकू येत होतं. साधंच काहीतरी, पण आवाज मोकळा, कुठे ओढ नाही. मी खिशातून एक सुटी रीड काढली. ती लाकडाच्या तुकड्यावर बसवलेली होती, तोंडानं फुंकता येईल अशी. ती काळी एकची होती. तिच्या जिभेच्या टोकाला मेणाचा कण लावला. टोकाला वजन वाढलं की जीभ सावकाश हलते आणि सूर उतरतो. हळूच फुंकली. माईंनी मान हलवली.

"नाही रे. अजून खाली."

आणखी कण लावला.

"आता फार झालं. थोडं काढ."

नखानं थोडं खरवडलं. फुंकलं. माईंनी हातातली पळी खाली ठेवली. बाहेर मास्तरांचा सा आणि आत रीडचा सा एक झाले होते.

"हाच," त्या म्हणाल्या. "ऐंशी घरं ओलांडून ऐकू आला तरी ओळखेन मी." मग पदरानं डोळे टिपून म्हणाल्या, "फोडणीचा धूर झालाय बघ." चुलीवर तेव्हा नुसतं दूध होतं.

बाहेरून मास्तर ओरडले, "रघू, तार झाली का?"

"झाली, मास्तर!"

आता दुसरी अडचण. मंडळाची पेटी विलायती होती, इंदूरकडच्या एका जहागीरदारांनी भेट दिलेली. मंडळाचे सेक्रेटरी सदाशिवराव वकील तिला स्वतःच्या हातानं पुसायचे. त्यांच्याकडे गेलो.

"घासणार?" ते खुर्चीतून अर्धे उठले. "मिस्त्री, घासलेलं पितळ परत उगवतं का?"

"नाही, साहेब."

"मग बिलकुल नाही. आणि मास्तरांच्या आधी क्लॅरिनेट आहे. तिला पेटीची साथ आहे. क्लॅरिनेट काय पाव सूर उतरवता येते? लोक हसतील. एका माणसासाठी सगळ्या प्रोग्रामचं वाटोळं करता काय?"

बोलणं खरं होतं. क्लॅरिनेटची नळी ठरलेली असते, तिची पट्टी बदलत नाही. मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा वकीलसाहेब मागून म्हणाले, "मिस्त्री, मलाही त्यांनीच शिकवलंय. असं समजू नका की मला काही वाटत नाही. पेटीला कानस न लावता काही होत असेल तर करा."

कानस न लावता. हे शब्द डोक्यात घेऊन मी दुकानात आलो. पेटी उघडली आणि तिच्याकडे बघत बसलो. मग दिसलं. या पेटीत रीडच्या दोन ओळी होत्या, पुढची आणि मागची, दोन्ही एकाच सुरात लावलेल्या. आवाज भरदार यावा म्हणून दोन्ही एकदम वाजवतात. पण प्रत्येक ओळीला वेगळा स्टॉप असतो. स्टॉप म्हणजे समोरची खुंटी. ओढली की त्या ओळीला हवा मिळते, दाबली की बंद. पुढची ओळ आहे तशी ठेवायची, ती क्लॅरिनेटला. मागच्या ओळीला मेण लावून उतरवायची, ती मास्तरांना. सभा झाली की मेण काढून टाकायचं.

सकाळभर बसून मागच्या ओळीच्या प्रत्येक जिभेवर मेण लावलं. दुपारी जेवून आलो आणि पेटी वाजवली. भयंकर. एक सूर इकडे, एक तिकडे. बुऱ्हाणपूरचा वैशाख. पत्र्याखाली दुकान. मेण मऊ होऊन जिभांवरून घसरलं होतं, काही ठिकाणी उडूनही गेलं होतं. सभेला तीन दिवस राहिले होते आणि घाटाच्या पायऱ्या तर दिवसभर तापून संध्याकाळी भट्टीसारख्या असतात.

माझ्या समोर जमनाबाईचं दुकान होतं. ती लाखेच्या बांगड्या करायची. मी कपाळाला हात लावून बसलो होतो ते तिनं पाहिलं.

"काय झालं, भैया?"

सांगितलं.

"मेण?" ती हसायलाच लागली. "ह्या उन्हात मेण राहते का कधी? लाख लावा ना. ह्या माह्या हातातल्या बांगड्या पाहा. चुलीपुढं बसते मी दिवसभर, वितळल्या का?"

पेट्यांना पॉलिश मी लाखेचंच करायचो. वर्षानुवर्षं. ही गोष्ट मला सुचू नये याची मला आजही लाज वाटते.

जमनाबाईनं लाखेची कांडी दिली. बारीक तार दिव्यावर तापवायची, तिच्या टोकावर लाख घ्यायची आणि जिभेच्या टोकाला टेकवायची. वरच्या सुरांना खसखशीएवढी, खालच्यांना मोहरीएवढी. जास्त झाली तर सुईनं खरवडायची. मग तोच सूर खालचा आणि वरचा असा एकदम वाजवून ऐकायचं. थोडा जरी फरक असला तरी आवाजात लाटा येतात, वांव-वांव असं होतं. लाटा थांबल्या की सूर जुळला. दोन दिवस मी तेवढंच केलं. शेवटी एक तास उन्हात पेटी ठेवली. सूर हलले नाहीत.

गंगाधरनं तालमीचं निमित्त करून मास्तरांना कसंबसं बोलावलं. "पेटी साफ केली आहे, एकदा आवाज तरी ऐका," असं सांगितलं. पण मास्तर तालमीच्या वेळेआधीच एकटे माझ्या दुकानात आले. बाकड्यावर बसले. पेटीचा मागचा स्टॉप तेवढा ओढलेला होता. भाता हलवला आणि काळी एक दाबली.

बराच वेळ दाबून धरली. मी हातातलं काम सोडून उभा राहिलो.

"रघू, ही काळी एक नव्हे."

"नाही, मास्तर."

"मग कोणती?"

"तुमची आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पट्टीवर बोट तसंच होतं. "मी मोगऱ्याला पाणी घालताना तू स्वयंपाकघरात तार बदलत होतास. तंबोरा तर माझ्या खोलीत होता."

मी उगाच सुई आणि लाखेची कांडी आवरायला लागलो.

"विचारलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो," ते म्हणाले.

"म्हणून नाही विचारलं."

समोर जमनाबाईच्या दुकानात बांगड्या घडवण्याचा आवाज चालू होता. मग त्यांनी खालचा सा लावला. हळू. मग रे, ग. वर चढत गेले. वरच्या सा ला पोचले तेव्हा आवाज थोडा कापला, पण फाटला नाही. त्यांनी पेटी बंद केली, तिच्या झाकणावरून हात फिरवला आणि मग तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला. मी तेव्हा तीस वर्षांचा होतो. दोन पोरांचा बाप होतो. तरी मला तिथेच रडू आलं.

"वकिलाला सांग, नाव काढू नको म्हणावं," ते म्हणाले आणि गेले.

तिसरी संध्याकाळ. पायऱ्यांवर दुपारपासून पाणी मारत होते, तरी बसणाऱ्यांना सतरंजीतून चटके लागत होते. ऊन उतरू लागलं होतं. क्लॅरिनेट झाली. टाळ्या झाल्या. मी गंगाधरच्या मागेच बसलो होतो. "पुढचा स्टॉप दाब, मागचा ओढ," मी पुटपुटलो. त्यानं दाबला, ओढला. सदाशिवराव बाजूला उभे राहून आमच्या हातांकडे बघत होते. दोन्ही स्टॉप एकदम उघडे राहिले असते तर पेटी कोल्ह्यासारखी ओरडली असती.

मास्तरांनी तंबोरे लावले आणि सुरू केलं. पहिल्या सा लाच घाट शांत झाला. गळा पूर्वीचा नव्हता. पूर्वी तो लखलखीत होता. आता त्यात थोडी खरखर होती, थोडी सावली होती. पण मास्तर नेतील तिथे तो जात होता. बायकांच्या बाजूला माई बसल्या होत्या. त्या मास्तरांकडे बघत नव्हत्या. डोळे मिटून, मान खाली घालून ऐकत होत्या.

चढत चढत ते वरच्या सा जवळ आले. गंगाधरनं ती पट्टी दाबली. सूर चढा होता. त्या एका रीडवरची लाख सुटली होती. गंगाधरलाही कळलं. त्यानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात वर केले, म्हणजे सोड. त्यानं पेटी सोडली.

मास्तर वर गेले ते एकटे. खाली फक्त तंबोरे. हाच तो सूर, ज्यावर ते त्या रिहर्सलला तुटले होते. त्यांनी तो लावला. धरला. आणखी धरला. कापला नाही. मग स्वतःच्या मर्जीनं, अगदी सावकाश, ते खाली आले.

माईंनी डोळे उघडले. सदाशिवराव वकील उपरण्यानं तोंड पुसत होते.

गाणं संपल्यावर पाया पडायला लोक आले. माझी पाळी आली तेव्हा मास्तर कानाशी वाकून म्हणाले, "रघू, एका ठिकाणी तुझी पेटी चढली."

"लाख सुटली, मास्तर."

"हां! मला क्षणभर वाटलं, मीच उतरलो." आणि ते मोठ्यानं हसले. आजारानंतर त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. लाखेचा तो कण आतच पडलेला होता. बाकीची लाख स्पिरिटनं धुऊन काढली आणि पेटी वकीलसाहेबांच्या हवाली केली. त्यांनी दोन्ही ओळी वाजवून पाहिल्या आणि पेटी पुसून ठेवली. पुढच्या वर्षी वैशाख लागायच्या आधीच त्यांचा निरोप आला, की मागची ओळ मास्तरांसाठी तयार करा. मास्तर त्याच पट्टीत पुढे सात वर्षं गायले.

आता लाख का सुटली ते सांगतो. लाख लावण्याआधी पितळ पुसून कोरडं करावं लागतं, नाहीतर बोटाचं तेल राहतं आणि लाख धरत नाही. मी सगळ्या रीड पुसल्या होत्या. तार षड्जाची तेवढी पुसूनही तेलकट राहिली, कारण ती सर्वांत महत्त्वाची म्हणून लाख लावण्याआधी मी तिला सारखा हात लावून बघत होतो. तेव्हापासून एक नियम केला. जी रीड सगळ्यात महत्त्वाची, तिला सगळ्यात कमी हात लावायचा.