पेटीवर बसलेल्या गौरी

अंबिकाकाकू उज्जैनला आल्या त्या, नवऱ्याच्या भाषेत, तात्पुरत्या. छप्पन्न साली हे तात्पुरतेपण वीस वर्षांचं झालं होतं आणि प्रकृतीनं ठणठणीत होतं. फ्रीगंजातल्या दोन खोल्यांत ना कपाट, ना चौरंग. "कोकणात आहे की सगळं," श्रीपादराव म्हणायचे. खाटेखाली त्यांची पत्र्याची पेटी मात्र दोरीनं करकचून बांधलेली, जणू टांगा दाराशी उभा आहे.

पुतण्या अरविंद त्यांच्याच आधारानं इकडे आलेला, शाळेत भूगोल शिकवायचा. जेवताना धडा सुरू.

"काकू, माणूस गाव सोडतो तो दोन कारणांनी. मागून रेटा, नाहीतर पुढून ओढ. काकांना सरकारी नोकरीची ओढ, मला काकांची."

"आणि मला रे?"

"तुझं लग्न झालं होतं. ते आमच्या पुस्तकात नाही."

पहाटे काकूंना एकच स्वप्न पडे. त्या क्षिप्रेत उतरतात, ओंजळ तोंडाला लावतात, तर पाणी खारट. समुद्र एवढ्या लांब त्यांना शोधत आलेला. जाग आली की बाहेर महाकाळाची घंटा, आणि तीही आता ओळखीची. काकूंना इथंच राहायचं होतं. हे त्या कधी मोठ्यानं म्हणाल्या नव्हत्या, कारण कोणी विचारलंच नव्हतं.

त्या भाद्रपदात दोन गोष्टी घडल्या. थोरले दीर मुलाकडे ठाण्याला राहायला गेले, कोकणातल्या घराला कुलूप लागलं, आणि निरोप आला की यंदा गौरी तुम्हीच बसवा. दुसरी गोष्ट म्हणजे मध्यभारत मोडून नवा प्रांत होणार होता, राजधानी भोपाळ. श्रीपादरावांची कचेरी तिकडे निघाली. साहेब म्हणाले, "भोपाल चलिए, नहीं तो यहीं तहसील में छोटी जगह पर बैठिए. मंगलवार को बता दीजिए."

मंगळवारीच गौरी यायच्या होत्या.

काकूंच्या घरच्या गौरी खड्यांच्या. नदीतून सात खडे उचलायचे आणि घरी येऊन बसवेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. बोललं की परत नदी गाठायची.

सकाळी क्षिप्रा गढूळ, भरलेली, अर्धी झोपेत. काकू पायरीवर वाकल्या, पाण्यात चाचपत एकेक खडा उचलू लागल्या. कुठल्या डोंगरावरून निघाला असेल हा, किती पावसाळे घरंगळला असेल? तळहातावर सातही कसे निवांत बसले होते. कुठून आलात असं त्यांना कोणी विचारत नव्हतं.

घाट चढताच छत्री धरून बरोबर आलेल्या श्रीपादरावांनी विचारलं, "अगं, मग काय करायचं? जायचं की राहायचं?"

वीस वर्षांत पहिल्यांदा, आणि नेमकं आत्ता! काकूंनी डोळे मोठे केले.

"पगार भोपाळला बरा," ते चालू लागले. "पण तिथं ओळखीचं कुत्रं नाही. इथं निदान दूधवाला उधार देतो. नाही, तहसिलीत कुणा कालच्या पोराच्या हाताखाली बसायचं म्हणजे... रागावलीस? बोल ना!"

एक टांगा हळू झाला. "बाबूजी, माताजी नाराज हैं? दोनों बैठ जाओ."

"नाराज नाहीत, देवी आहेत," श्रीपादराव खेकसले आणि पुन्हा स्वतःशी भांडू लागले. फ्रीगंजच्या घड्याळाच्या टावरपर्यंत ते दोन्ही बाजूंनी हरले होते.

दारात शेजारची मीरा दूधपाणी घेऊन उभी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली; तिला ओढ कसली, नुसता रेटा. काकूंचे पाय धुताना ती म्हणाली, "दीदी, अच्छा किया. देवी बैठ जाए तो घर घर लगता है." अरविंदनं थाळी वाजवली. कुंकवाच्या पावलांवरून गौरी स्वयंपाकघर बघून आल्या, डबे बघून आल्या, आणि मग काकू मधोमध थांबल्या. हातात तबक, ओठ मिटलेले. बसवायच्या कशावर?

"चौरंग कोकणा..." श्रीपादराव म्हणू लागले.

मग ते वाकले. खाटेखालची पेटी त्यांनी ओढली, वरची धूळ उपरण्यानं पुसली. दोरी सुटता सुटेना, विळीनं कापली. काकूंनी वर खण अंथरला, एकेक खडा मांडला, हळदकुंकू वाहिलं आणि मोठा श्वास सोडला.

"आता बोल बाई," श्रीपादराव कोटाची बटणं लावत म्हणाले. "साहेबांना काय सांगू?"

"पेटीवर गौरी बसल्यात. दिसत नाही?"

"त्या परवा उठतील."

"उठू देत. पेटी राहील."

श्रीपादरावांनी कापलेल्या दोरीकडे पाहिलं. "म्हणजे तहसील," ते म्हणाले आणि चपला घालू लागले.

"आणि येताना सुताराकडे चौरंगाचं बघा!" काकूंनी मागून हाक मारली. सकाळभराचं तुंबलेलं बोलणं होतं. मग नैवेद्याचं घावन-घाटलं होईपर्यंत ते थांबलं नाही.

दुसऱ्या पहाटे स्वप्नात काकू पुन्हा क्षिप्रेत उतरल्या, ओंजळ तोंडाला लावली. पाणी अजून किंचित खारट होतं. असू दे, म्हणत त्या प्यायल्या.