बिनफटीचा ओटा

आंधळगावात ताराचंदला सुतार कमी आणि कुंपणवाला जास्त म्हणतात. त्याच्या हातची कुंपणं मोहाडीपासून तुमसरपर्यंत उभी आहेत. खांब जमिनीत गाडण्याआधी तो बुडखा जाळून काळा करतो, त्यावर डांबर फासतो. पाऊस लाकडाला खालून खातो, वरून नाही, असं त्याचं म्हणणं. त्याच्या कुंपणाचा खांब कुजला असं अजून कोणी सांगत आलेलं नाही.

पुढे पवनीकडच्या जंगलाच्या गेटापाशी रिसॉर्टं झाली. तिथे खोल्यांसमोर लाकडी ओटे लागायचे. ताराचंद काही उन्हाळे त्या कामावर होता. ओटा करायला तो तिथेच शिकला. तिथले लोक त्याला डेक म्हणत. तो गावी परतला तेव्हा भंडाऱ्याच्या डॉक्टरांना आणि तुमसरच्या राइस मिलवाल्यांनाही घरामागे तसाच डेक हवा झाला होता.

त्याची अट एकच असे. दोन फळ्यांमध्ये फट राहील. उन्हाळ्यात सागवान आटतं, पावसाळ्यात फुगतं. फुगायला जागा मिळाली नाही तर फळ्या एकमेकींना रेटतात आणि वर उचलतात. पाणीही फटीतून खाली जायला हवं. म्हणून तो फळी ठोकताना मध्ये एक जाड खिळा उभा धरायचा. खिळ्याएवढी फट पडली की खिळा काढून पुढच्या फळीला लावायचा. भंडाऱ्याच्या एका डॉक्टरीणबाईंना फटी आवडल्या नाहीत. चपलेची टाच अडकेल, म्हणाल्या. ताराचंदने रंधा पिशवीत टाकला.

"मंग फरशीच लावा जी," तो म्हणाला. "ते काम माहं नाई."

बाईंनी फट ठेवू दिली. असा हा माणूस. कामाच्या बाबतीत कोणाची भीड न धरणारा.

त्याची मुलगी दीपमाला पवनीला दिली आहे. सासरे मधुकरराव, कापडाचं दुकान. सासू उषाबाई. नवरा कुलदीप दुकानातच बसतो. घर नवं, मागे अंगण, अंगणापलीकडे वैनगंगेकडून येणारा वारा. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात उषाबाईंनी व्याह्यांना निरोप धाडला की आमच्याही अंगणात तसा डेक करून द्या. निरोप आला त्या दिवशी ताराचंद खुशीत होता. मुलीच्या सासरी आपल्या हातचं काहीतरी कायमचं राहणार होतं. त्याने चांगलं सागवान निवडलं. फळ्या घरी रंधून, तेल पाजून, गाडीत घालून पवनीला नेल्या.

पहिल्या दिवशी त्याने थोड्या फळ्या ठोकल्या. नेहमीप्रमाणे खिळा मध्ये धरून. संध्याकाळी मधुकररावांचे चुलतभाऊ भैय्यालाल आले. हा माणूस बसल्या बैठकीला दहा जणांना हसवतो. ओट्याभोवती एक चक्कर मारून ते व्याह्यांसमोर थांबले.

"काय इवाईबुवा, फळ्या पुरल्या नाई वाटते?"

"पुरल्या जी."

"मंग ह्या फटी कायच्या? आमच्या शेळ्यायच्या गोठ्यात अशा फटी ठेवतेत. लेंड्या खाली पडाव्या म्हनून. इथं कोनाच्या लेंड्या पडनार हायेत?"

सगळे हसले. उषाबाईही तोंडाला पदर लावून हसल्या. दीपमाला स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसली नाही. ताराचंद हसला. डॉक्टरीणबाईंना दिलं तसं उत्तर त्याच्या तोंडाशी आलं आणि तिथेच थांबलं. तिथे तो कारागीर होता. इथे तो मुलीचा बाप होता. मुलीच्या बापाने व्याह्यांच्या अंगणात उलट बोलायचं नसतं, असं तो लहानपणापासून पाहत आला होता.

दुसऱ्या दिवशी त्याने आधीच्या फळ्या उखडल्या. खिळा पिशवीतच राहू दिला. फळीला फळी अशी भिडवली की मधून सुई गेली नसती. सगळ्या फळ्या घराच्या भिंतीपर्यंत रेटून बसवल्या. काम संपलं तेव्हा मधुकरराव अनवाणी त्यावरून चालले.

"याले म्हनतेत काम," ते म्हणाले. "आरसा हाये आरसा."

भैय्यालालनेही मान डोलावली. ताराचंदला ते आवडलं. हे नंतर त्याला सगळ्यात जास्त टोचलं. आपण चूक केली ती केली, पण ती करून वर कौतुक ऐकत उभे राहिलो. परतीच्या बसमध्ये तो स्वतःला सांगत होता की तेल दोनदा पाजलं आहे, वर अर्ध्यापर्यंत टिनाचं छत आहे, एवढं पाणी लागणार नाही. तेल पाण्याला थोपवत नाही हे तो दुसऱ्यांना शिकवत असे.

उषाबाईंनी नात्यागोत्यात सांगून टाकलं की यंदा आमचा कानोबा डेकवर बसणार. गोकुळाष्टमीला त्यांच्याकडे कानोबा बसतो, वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगतात, घर पाहुण्यांनी भरतं. ताराचंद आणि त्याची बायको शकुनबाई यांनाही आमंत्रण होतं. दोघं काल्याच्या दिवशी दुपारी पोचली. पाऊस लागूनच होता.

कानोबा आत, बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात बसला होता.

ताराचंद मागच्या दाराशी गेला. दार अर्धंच उघडलं. खालून फळी अडली होती. त्या अर्ध्या दारातून त्याने पाहिलं. ओट्याचा मधला भाग म्हशीच्या पाठीसारखा वर आला होता. खिळे उपटून वर आले होते. दोन्ही बाजूंना पाणी साचून हिरवं शेवाळ धरलं होतं. तो तिथून हलला, पण परत खोलीत यायला त्याला वेळ लागला.

पाहुणे ताटं घेऊन बसले होते. भैय्यालाल सुरू झाले.

"वहिनी, तुमचा ओटा गाभन रायला जी. कितवा महिना हाये?"

हसं झालं. एका म्हाताऱ्या पाहुण्याने मात्र खरंच विचारलं, "पन असं झालं काहून? इवाई तं मोठे कारागीर म्हनतेत."

सगळे ताराचंदकडे पाहू लागले. त्याच्या हातात काकडीची फोड होती. दीपमाला दहीकाल्याचं भांडं घेऊन वाढत होती. ती थांबली.

"माह्यामुळं झालं," ती म्हणाली. "मी रोज बादल्या ओतून धुवत होती. बाबांनी नाई म्हटलं होतं. मीच आयकलं नाई."

"अरे बाप," भैय्यालाल म्हणाले. "सूनबाईनं धानाची बांधी समजून पानी देल्लं."

या वेळी उषाबाई हसल्या नाहीत. त्या सुनेकडे पाहत राहिल्या. ताराचंदने मान खाली घातली आणि काकडी तोंडात टाकली. त्याने केलं ते एवढंच.

परतताना भंडाऱ्याला बस बदलल्यावर शकुनबाई म्हणाली, "तिच्या इथं नळाले पानी सकाळी थोडुसं येते. ते पोरगी बादल्या कुठून ओतन?"

"मालूम हाये."

"मंग?"

ताराचंद खिडकीबाहेर पाहू लागला. धानाच्या बांध्या पाण्याने भरल्या होत्या. शकुनबाईने पुन्हा विचारलं नाही. तिने विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

त्यानंतर रोज संध्याकाळी दीपमालाचा फोन आला की शकुनबाई तो मोठ्या आवाजावर लावू लागली. मुद्दाम. ताराचंदला ऐकावं लागे. पवनीत शेजारच्या बाया दीपमालाला पानीवाली म्हणू लागल्या होत्या. दूध उतू गेलं तरी, कपडे वाळले नाहीत तरी, उषाबाई म्हणत, हिच्या हाती काही देऊ नका बापा, हे बुडवते. दीपमाला हे हसून सांगायची. हसणं शेवटी शेवटी आखूड होत गेलं. एकदा ती म्हणाली, "दुकानाची चाबी सासूबाई मले देत होते ना आई, आता नाई देत."

त्या रात्री ताराचंद जेवला, पण काय जेवला ते त्याला सांगता आलं नसतं. पाऊस थोडा उघडल्यावर त्याने हत्यारं भरली आणि एकटाच पवनीला गेला.

ओट्याची दुरुस्ती करून देतो, एवढंच त्याने दारात सांगितलं. मधुकरराव आणि कुलदीप दुकानात होते. उषाबाई मागच्या दाराशी खुर्ची टाकून डाळ निवडत बसल्या. ताराचंद फळ्या उखडू लागला. प्रत्येक फळीची एक कड रंध्याने उतरवायची, वाळू द्यायची, मग फट ठेवून पुन्हा ठोकायची. ओलं लाकूड रंध्याखाली चिवट लागत होतं.

"आता सुनेले सांगून ठेवते," उषाबाई म्हणाल्या. "बादली दिसली तं हात तोडीन म्हनते."

ताराचंदचा हात थांबला.

"तिनं पानी नाई ओतलं जी."

"काय?"

"तिनं काईच नाई केलं. मी फटी ठेवल्या नाई. फटी नसल्या की पावसात असं होतेच. मले मालूम होतं."

"मालूम होतं तं काहून नाई ठेवल्या?"

हे उत्तर त्याने बसमध्ये कितीदा तरी जुळवलं होतं. तरी ते ओठावर येईना.

"भैय्यालालजी गोठा म्हनले. तुमच्या घरी मले लाज वाटली."

उषाबाईंनी सूप मांडीवरून खाली ठेवलं. त्या रागावतील असं त्याला वाटलं. तो त्याला तयार होता. पण त्यांनी आत हाक मारली.

"दीपमाला, इकडं ये. तू माह्याजवळ खोटं बोलली?"

दीपमाला दारात आली. उखडलेल्या फळ्या, बापाचं तोंड, सासूचं तोंड, सगळं तिने एकदा पाहिलं.

"हो," ती म्हणाली.

ताराचंदला हे सुचलंच नव्हतं. आपण खरं बोललो की मुलगी सुटेल, एवढाच त्याने विचार केला होता. ती यात खोटारडी ठरेल हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. उषाबाई आत निघून गेल्या. दीपमाला तिथेच उभी राहिली.

"मी निभावून नेत होती बाबा," ती हळू म्हणाली. "तुम्ही मोकळे झाले. मले रायाचं हाये इथं."

तो लाकडाचे छिलके गोळा करत बसला.

थोड्या वेळाने उषाबाई परत आल्या. उभ्या उभ्याच बोलल्या.

"इवाईबुवा, पोरगी सगळ्यायसमोर बोलली. पाहुण्यायसमोर, जेवत्या पंगतीत. अन तुम्ही मले एकटीले सांगून राहिले, डाळ निवडताना. हे काय बरोबर हाये?"

"नाई."

"महालक्ष्म्यायच्या जेवनाले तेच सगळे येनार हायेत. तेव्हा बोला. मी बोलनार नाई तुमच्यासाठी."

तो हो म्हणाला. बाकीचं काम करायला तो आणखी येत राहिला. त्या दिवसांत दीपमाला चहा त्याच्या बाजूला ठेवून आत जायची आणि नंतर कप उचलून न्यायची.

महालक्ष्म्यांच्या, म्हणजे गौरींच्या जेवणाच्या दिवशी घर भरलं. आंबील, भोपळ्याची भाजी, पुरण. ओटा नवा दिसत होता आणि फळ्याफळ्यांमध्ये खिळ्याएवढी फट होती. भैय्यालालच्या नजरेतून ती सुटली नाही.

"अरे, पुन्हा गोठाच केला का जी?"

ताराचंद पंगतीतून उठून उभा राहिला. उष्ट्या हाताने. शकुनबाईने खालून त्याच्याकडे पाहिलं. लोक जेवणं थांबवून वर पाहू लागले, कारण पंगतीत असं कोणी उठत नाही.

"फटी ठेवाव्याच लागतेत," तो म्हणाला. "मागच्या टायमाले मी ठेवल्या नव्हत्या. म्हनून ओटा फुगला. दीपमालानं पानी ओतलं नव्हतं. तिनं मले वाचवाले म्हटलं अन मी काकडी खात बसलो."

काकडीचं त्याला सांगायचं नव्हतं. ते आपोआप निघालं.

आतून येणारे बायांचे आवाज थांबले. भैय्यालालने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, मग पाण्याचा पेला उचलला. कुलदीप बायकोकडे पाहत होता. मधुकरराव म्हणाले, "बसा जी, जेवा." त्यात राग नव्हता आणि मायाही नव्हती. यापुढे ते आपल्याला कारागीर म्हणणार नाहीत, हे ताराचंदला त्या शब्दांत कळलं.

तो बसला. बोलल्यावर हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. तसं झालं नाही. ताटातलं पुरण तसंच होतं आणि सगळे त्याच्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होते.

"काहून थांबली?" उषाबाई आतून बाहेर येत सुनेला म्हणाल्या. "पंगत बसली हाये. वाढ ना."

दीपमाला भाजीचं पातेलं घेऊन निघाली. भैय्यालालपाशी आली तेव्हा त्यांनी हात आडवा करून पुरे म्हटलं. तिने तरीही एक पळी घातली.

"खा जी काका," ती म्हणाली. "आज पानी नाई टाकलं त्यात."

पंगतीत कोणीतरी खुदकन हसलं. मग बाकीचे हसले. या वेळी उषाबाईही हसल्या. दीपमाला रांगेने पुढे आली. बापाच्या ताटाशी ती वाकली, भाजी वाढली आणि पुढे गेली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पण मान वर होती, आणि ती तशीच वर ठेवून ती पंगतीच्या टोकापर्यंत वाढत गेली.