गाय जेवली, तू काय जेवलीस?

मी घर सोडलं त्या पहाटे आई परसदारी उभी होती. तिच्या हातात अमसुलांची पुरचुंडी होती. ती तिने माझ्या गाठोड्यात कोंबली, वरून गाठ मारली, गाठ सोडून पाहिली आणि पुन्हा मारली. मला न्यायला माझे चुलत सासरे पुण्याहून आले होते आणि त्यांचे बैल अंगणात खूर आपटत होते. आई एवढंच म्हणाली, "जे वाढतील ते मुकाट्याने खा. आणि घरातलं बाहेर बोलू नकोस." समुद्राची गाज नेहमीसारखीच चालू होती. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि ती गाज कधी थांबू शकते, हे मला ठाऊकच नव्हतं.

बाळांनो, कराचीहून तुम्ही विचारलंत, "आजी, तू लहान असताना ब्रेकफास्टला काय असायचं?" ब्रेकफास्ट हा शब्द मीच पुष्कळ उशिरा शिकले. सरकार बदलल्यावर तुमचे आजोबा इंग्रजांच्या कचेरीत लागले आणि तिथल्या साहेबाच्या मड्डमेने मला हौसेने इंग्रजी शिकवली. पण तुम्ही ज्या काळाबद्दल विचारता तो त्याच्या आधीचा, श्रीमंत पेशव्यांच्या राज्याचा. क्रमाने सांगते.

घाट चढून माथ्यावर आलो तेव्हा मी मागे वळून पाहिलं. समुद्राची एक पांढरी रेघ तेवढी दिसत होती. पुढे निघालो आणि झाडं विरळ होत गेली, माती काळी होत गेली. मग दोन्ही बाजूंना माणसाहून उंच, सडपातळ पीक लागलं. मी विचारलं, "काका, एवढा बारीक ऊस?"

काका मागे न वळता म्हणाले, "तो ऊस नव्हे. जोंधळा आहे. तुझं उद्यापासूनचं जेवण."

पुण्याची माणसं कशी बोलतात ते मला पुण्यात पोचण्याआधीच कळलं.

शनिवार पेठेत शिरलो तेव्हा श्रीमंतांच्या वाड्याच्या नगारखान्यात चौघडा चालू होता आणि एक हत्ती नदीवरून अंघोळ करून परत येत होता. त्याच्या अंगावरून गळणाऱ्या पाण्याने धुळीत ओली रेघ उमटत होती. लोक त्याच्याकडे मान वर करूनही पाहत नव्हते. पण मी खरी थक्क झाले ती आमच्या आळीच्या टोकाचा हौद पाहून. काका म्हणाले, "हे पाणी कात्रजच्या तलावातून येतं, जमिनीखालच्या नळांतून." आमच्याकडे पाण्यासाठी विहिरीत वाकावं लागे. इथे एक अख्खा तलाव अंधारातून चालत येऊन लोकांच्या दाराशी थांबत होता! कितीतरी दिवस मी हौदावर गेले की आधी कान लावून ऐकत असे. मला वाटे, डोंगराची काहीतरी खबर त्या पाण्याबरोबर येत असेल.

शहराचं एवढं नवल वाटत होतं आणि घास मात्र घशाखाली उतरत नव्हता. सासरी पुरुषांच्या पानात भाताची लहानशी मूद असे. बायकांना भाकरी. आणि बायकांची पंगत सर्वांत शेवटी बसत असल्यामुळे ती भाकरी गार होऊन चिवट झालेली असे. मी जन्मल्यापासून भात खात आले होते. भात गिळायचा असतो, एवढंच मला येत होतं. भाकरी तशी गिळायला गेले की घशात अडकायची आणि डोळ्यांत पाणी यायचं. मग मी पानातली भाकरी हळूच ओच्यात लपवायची आणि मागच्या गोठ्यात जाऊन कपिला गाईला घालायची. आईची अमसुलं संपेपर्यंत ती चोखून कसंबसं निभावलं. पुढे मड्डमेने मला 'होमसिक' हा शब्द शिकवला, तेव्हा मी विचारलं होतं की हे दुखणं पोटात असतं की छातीत. ती हसली. मी विनोद केला नव्हता.

एक दिवस माजघराच्या दाराआडून सासूबाईंचं बोलणं कानावर आलं. त्या मामंजींना सांगत होत्या, "पोर वाळत चाललीये. उन्हाळ्यापर्यंत बघू, नाहीतर माहेरी पोचवून देऊ. मुलासाठी दुसरी बघावी लागेल." सासूबाई दुष्ट नव्हत्या. त्या काळी असंच बोलत आणि तसंच करत. पण माझ्या डोळ्यांपुढे आमचं अंगण आलं, अंगणात परत आलेली मी आली आणि ते पाहणारी आई आली. टाकून दिलेली मुलगी म्हणजे काय, हे नऊ वर्षांच्या मुलीलाही तेव्हा नीट समजत असे.

आता खेळाचं सांगते. दुपारची जेवणं झाली की आळीतल्या सुना हौदावर पाणी भरायला जमत. त्यांत आमचं त्रिकूट होतं: मी, वाईकडची अंबू आणि गोदी. गोदीचं माहेर आणि सासर एकाच आळीत, त्यामुळे तिला कुणाचा धाक म्हणून नव्हता. घरात काय शिजलं ते सुनेने बाहेर बोलायचं नाही, हा नियम सगळ्या घरांत होता. कमी शिजलं तर अब्रू जाते, चांगलं शिजलं तर दृष्ट लागते. गोदीने त्यातून वाट काढली होती. जी जेवून आली तिने बोलायचंच नाही, फक्त उजवा हात पुढे करायचा. दुसरीने तो हुंगायचा, नखं पाहायची आणि ओळखायचं. ओळखलं तर हात दाखवणारीने दोघींच्या घागरी भरायच्या, चुकलं तर ओळखणारीने. खेळाचं नावच 'हात दाखव'.

अंबू प्रत्येक वेळी एकच ओळखायची. "पुरणपोळी!"

"हिच्या मते पुण्यात रोज शिमगा असतो," गोदी म्हणायची. मग अंबूचा हात नाकाशी नेऊन, "मेथी. आणि मीठ घालायचं राहिलं."

"अगं बाई! मीठ हातावरून कसं कळलं तुला?"

"हातावरून कशाला कळायला हवं? तुझं तोंड बघ."

मी थक्क होऊन बघत राहायची. गोदीला डाळ तुरीची की मुगाची ते कळे, फोडणीत हिंग जास्त पडला ते कळे, ताक कालचं की आजचं तेही कळे. तिने कुणाच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकलेलं नसे. तरी हौदाच्या कठड्यावर बसून ती सगळ्या आळीत जेवून येई. मला ती "भातखाऊ" म्हणायची. "ये भातखाऊ, दाखव हात." माझ्या हातावर ती नेहमी सांगायची, "भाकरी," आणि मी मान हलवून तिच्या घागरी भरायची. हरल्याचं मला बरंच वाटायचं. मी जेवते आहे, असं निदान कुणीतरी म्हणत होतं.

एक दिवस तिने माझा उजवा हात हुंगला आणि ती थांबली. मग म्हणाली, "डावा."

"डावा कशाला?"

"दाखव म्हणते ना."

तिने डावा हातही हुंगला. अंबूला ती म्हणाली, "तू हो पुढे, सासू वाट बघत असेल." अंबू गेली. माझे दोन्ही हात गोदीने आपल्या हातांत धरले होते. पानावर बसलेलं माणूस उजव्या हाताने भाकरी मोडतं आणि डावा मांडीवर ठेवतं. दोन्ही हातांना भाकरीचा वास असेल, वर गाईचाही, तर ती भाकरी पानात मोडलेलीच नाही. हे मला आज लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा वाटलं, ही माझ्या हातांतून थेट आमच्या गोठ्यात बघते आहे.

गोदी म्हणाली, "गाय जेवली. तू काय जेवलीस?"

मला रडू फुटलं. घास उतरत नाही हेही सांगितलं आणि सासूबाईंचं बोलणंही सांगितलं. गोदी तेव्हा असेल अकरा-बारा वर्षांची. तिने मला जवळ घेतलं नाही की डोळे पुसले नाहीत.

"झालं रडून? मग ऐक. तू भाकरी गिळतेस. भाकरी गिळायची नसते, चावायची असते. घास तोंडात धर आणि गोड लागेपर्यंत गिळू नकोस."

"भाकरी गोड?"

"मला काय विचारतेस? उद्या तूच सांग. कडेची होती की मधली, करपली होती का, दह्याशी होती की नुसती, सगळं विचारणार आहे मी. खाल्ल्याशिवाय येणार नाही सांगता."

"पण घरातलं बाहेर सांगायचं नाही ना?"

"सांगू नकोस. नुसती मान हलव. खोटी हलवलीस तर मला कळेल, आणि मग या हौदावर मी तुला ओळखत नाही."

पुण्यात माझ्याशी हसून बोलणारी ती एवढीच होती. दुसऱ्या दिवशी मी एक घास तोंडात धरला आणि चावत बसले. आधी नुसता कोंडा लागला, मग पीठ. सासूबाई उठून गेल्या, तरी मी चावतच होते. आणि मग जिभेखालून कुठूनतरी हळूच गोडी आली. गुळाची नव्हे, दुधाचीही नव्हे. त्या भाकरीत कुणी काही घातलं नव्हतं. माझ्याच तोंडात ते घडलं होतं. मी तशीच बसून राहिले. चौघडा, हत्ती, जमिनीखालून येणारं पाणी हे सगळं एकीकडे आणि तो घास एकीकडे. पुढे इंग्रजी पुस्तकात मी त्याचं कारण वाचलं, लाळेने पिठाची साखर कशी होते ते. कारण समजल्याने नवल कमी झालं नाही.

हौदावर गोदीने काही विचारायच्या आधीच मी म्हणाले, "लागली."

"मान हलव म्हटलं होतं," गोदी म्हणाली. पण तिने त्या दिवशी माझी घागर भरून दिली.

मग मला भाकरी दिसायला लागली. तव्यावर वर आलेला पापुद्रा, त्याखालची मऊ वाफ, निखाऱ्याकडच्या बाजूचे तपकिरी ठिपके, नव्या जोंधळ्याचा हिरवट वास. एक दिवस पान वाढताना सासूबाई आपल्याशीच कुरकुरल्या, "आता पीठ जास्त भिजवावं लागणार हिच्यापायी." दुसऱ्या स्थळाचं नाव पुन्हा कधी निघालं नाही.

गोदी पुढे पुण्यात राहिली नाही. वाड्यावरचं निशाण बदललं तेव्हा श्रीमंतांच्या मागोमाग जी घरं उत्तरेला गंगेकाठी गेली, त्यांत तिच्या सासरचं एक होतं. मी आयुष्यभर तिला कितीतरी गोष्टी विचारायच्या ठरवल्या होत्या. त्यांतली पहिली हीच, की तिथे गव्हाच्या देशात 'काय जेवलीस' असं तिला कोण विचारतं. पण हे नंतरचं झालं. क्रम मोडला, तो पुन्हा धरते.

दीड वर्षाने मला पहिलं माहेरपण मिळालं. घाट उतरताना गाज ऐकू आली आणि मी बैलांच्या पुढे धावत सुटले. आईने मऊ भात केला होता, वर तूप आणि मेतकूट. पुण्यात किती रात्री मी त्या वासावर झोपले होते! आई समोर बसली आणि मी जेवायला लागले. तिने अजून एक शब्द विचारला नव्हता, सासूबाई कशा आहेत, मार बसतो का, पोटभर मिळतं का. नुसती बघत होती.

मी तिसरा की चौथा घास घेतला असेल. आईने पुढे वाकून माझी हनुवटी धरली.

"काय गं हे? मऊ भात कुणी चावतं का एवढा?"

मला कळलंच नव्हतं. मी त्या भाताची गोडी यायची वाट बघत होते.

"भाकरीचे दात आलेत तुला," आई म्हणाली आणि हसली. हसता हसता ती चुलीकडे वळली आणि नीट पेटलेली लाकडं उगाच पुढे सारत राहिली. मग तिने मला आणखी भात वाढला. लहानपणी ती लाकडी डावाने पानात लोटायची तसा नाही, पाहुण्याला वाढतात तशी मूद पाडून. तिला जे विचारायचं होतं ते सगळं तिला कळलं होतं. मी तिथे जेवते, तिथेच राहणार, आणि या घरी आता येऊन-जाऊन असणार.

तेव्हा मी पुण्याची झाले हे मला पुण्यात नव्हे, समुद्राकाठी कळलं. म्हणून गेल्या दिवाळीत तुम्ही आलात तेव्हा मी तुमच्याकडे निरखून पाहत होते. थोरल्याने भाकरी दुधात बुडवली ती तुमच्याकडे बिस्किट बुडवतात तशी, टोक धरून, एक दोन करत आणि मऊ पडायच्या आत उचलून. तुमचे बाबा खजील होऊन त्याच्यावर ओरडले, "घरी असं शिकवलं का तुला?" मी त्यांना तिथेच गप्प केलं, कारण काय ते त्यांना कळलं नाही. त्यांना हे वाचून दाखवा. त्यांना म्हणावं, त्यांच्या आईने, म्हणजे मी, मुलांचं पान पाहिलं. मुलं तिकडे पोटभर जेवतात. आता तिला काळजी नाही.