‘येऊ दे’चा अर्थ

वडप्याला गोडाऊनच्या पट्ट्यात मंदाचा आवाज सगळ्यांच्या ओळखीचा. ती तिथे लागली तेव्हा खोक्यांना टेप मारायची. एका दुपारी एक लांबलचक कंटेनर मागे येत होता, क्लीनरचा पत्ता नव्हता आणि गाडी सरळ खांबाकडे निघाली होती. मंदा टेप टाकून धावली आणि अशी ओरडली, की ड्रायव्हरने गचकन ब्रेक मारला. उतरून बघितलं तर खांब वीतभर लांब. तेव्हापासून गाड्या धक्क्याला लावून घ्यायचं काम तिच्याकडेच आलं. यूपीचे ड्रायव्हरसुद्धा गेटवर विचारायचे, “मौसी ड्युटी पे है क्या?”

तिचा मुलगा सुगत पुण्याला इंजिनिअरिंगला गेला आणि दुसऱ्या वर्षी सगळं सोडून परत आला. नंतर निजामपुऱ्यात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसू लागला आणि तीन मित्रांना घेऊन त्याने बँड काढला. शुक्रवारी कापडाचे लूम बंद असतात, तेव्हा एका शेडमध्ये त्यांची प्रॅक्टिस चालायची. याला ग्लॅम रॉक म्हणतात, असं त्याने आईला सांगितलं होतं. मंदाला त्यातलं एवढंच कळलं, की गिटार कानठळ्या बसवते आणि वाजवणारे नवरीपेक्षा जास्त नटतात. सुगत डोळ्यांवर निळा रंग लावायचा, गालावर चमकी, अंगात टिकल्यांचं जाकीट, पायात उंच टाचांचे बूट. वडील पंढरीनाथ टेम्पो चालवायचे. ते बघून न बघितल्यासारखं करायचे.

मग बँडचं पहिलं गाणं आलं, ‘येऊ दे’. आठवडाभरात ते वस्तीतल्या प्रत्येक मोबाइलवर वाजायला लागलं.

*पाठमोरा येतोय मी, आरशात काही दिसत नाही,*
*तू ‘बस’ म्हटल्याशिवाय माझा जीव थाऱ्यावर बसत नाही.*
*येऊ दे, येऊ दे, अजून येऊ दे… बस!*

‘अजून येऊ दे’वर सुगत असा काही लचकायचा, की पोरं शिट्ट्या मारायची आणि बाया पदर तोंडाला लावायच्या. कुणी म्हणालं, पुण्याच्या पोरीवर लिहिलंय. कुणी म्हणालं, दारूवर. महिला मंडळाच्या सुकन्याताईंनी तर मंदाला नळावरच गाठलं. “आपल्या वार्षिक कार्यक्रमात हे घाणेरडं गाणं चालायचं न्हाय. लेकराबाळांसमोर काय हे?”

मंदा तणतणत घरी आली. “त्या गाण्याचा अर्थ काय रे?”

“ज्याला जो लागेल तो,” सुगत आरशासमोरून म्हणाला.

“मला तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस, आणि वर असं बोलतोस?”

सुगत काहीतरी सांगणार होता, पण तिने भांडी आदळायला सुरुवात केली.

चार दिवस मायलेकांचं बोलणं बंद होतं. पाचव्या दिवशी पडघ्याचा ड्रायव्हर नवशा ट्रक घेऊन आला. केबिनमध्ये तेच गाणं मोठ्याने चालू. मंदा चिडूनच मागे जाऊन उभी राहिली आणि हात हलवायला लागली. “येऊ दे, येऊ दे… अजून येऊ दे… बस!”

गाडी थांबली. केबिनमधूनही त्याच क्षणाला ‘बस’ आलं. नवशा खिडकीतून अर्धा बाहेर लटकून हसायला लागला. “मावशे, हे तर तुझंच गाणं हाय! चालसुद्धा तुझीच!”

मंदाचा हात हवेतच राहिला. एवढी वर्षं दिवसभर तेच ओरडत होती, पण स्वतःचं ओरडणं तिने कधी कानावर घेतलं नव्हतं.

संध्याकाळी ती थेट निजामपुऱ्यातल्या दुकानात गेली. सुगत एक फोन उघडून बसला होता.

“पोरगीबिरगी कोण न्हाय ना त्यात?”

सुगतने नाही म्हणून मान हलवली. “लहानपणी तू मला सुट्टीत वडप्याला न्यायचीस, तेव्हापासून ते माझ्या डोक्यात वाजतंय. आणि पुण्याहून आलो ना, तेव्हा मी असाच पाठमोरा येत होतो. मागे काय आहे, कुठे आदळणार, काही दिसत नव्हतं. सगळे विचारत होते, का सोडलंस. तू एकदाही विचारलं नाहीस. नुसतं ‘ये’ म्हणालीस.”

मंदा स्टुलावर बसली. खरं सांगावं की नाही, तिला कळेना. शेवटी म्हणाली, “अरे, विचारायची भीती वाटत होती मला. तू रडशील, मग मीपण रडीन, म्हणून गप बसले.”

सुगत इतका हसला की त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. “आता काही बदलता येणार नाही आई. गाणं रिलीज झालंय.”

दुसऱ्या दिवशी मंदा समाजमंदिरात सुकन्याताईंकडे गेली. गाणं आपल्या ड्युटीवरचं आहे म्हणून सांगितलं, तर सुकन्याताईंचा विश्वास बसेना. तेव्हा मंदाने अंगणात उभं राहून एक न दिसणारा ट्रक भिंतीला लावून दाखवला, पूर्ण आवाजात. आजूबाजूच्या खिडक्या उघडल्या.

“बरं बरं, कळलं,” सुकन्याताई कानावर हात ठेवून म्हणाल्या. “पण ते डोळ्याला निळं?”

“लावू दे. शोभतं त्याला.”

कार्यक्रम झाला. ‘बस’ आलं की सगळी वस्ती ओरडत होती, आणि सर्वांत उशिरा, सगळे थांबल्यावर, पहिल्या रांगेतून पंढरीनाथ एकटेच ओरडले. सुगतने गिटारवरून मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. ते इकडेतिकडे बघायला लागले.

सकाळी मंदा सुगतच्या पापण्यांवरचा राहिलेला रंग खोबरेल तेलाने पुसत होती. पंढरीनाथ दाराशी पडलेले बूट उलटेपालटे करून बघत होते.

“ह्यात चालतोस कसा रे?” त्यांनी विचारलं. मुलाशी बँडबद्दल ते पहिल्यांदाच बोलत होते.

“घालून बघा ना.”

पंढरीनाथांनी खरंच पाय घातले. लुंगी वर खोचून, मंदाच्या खांद्याला धरून ते दारापासून मोरीपर्यंत गेले, वळले, आणि परत आले.