पुण्याला न जाण्याचं लायसन

चार बायका एका जागी राबल्या की किस्से साठतातच, तंबाखूच्या वखारीत धूळ साठते तसे. संध्याकाळी झाडून काढा, सकाळी तेवढेच. निपाणीतली आमची वखार बंद पडली तेव्हा धूळ तिथंच राहिली, किस्से मी घेऊन आले. शाळा मी बाहेरूनच बघितली आहे. दुकानाच्या पाट्या आणि पुडीचे कागद वाचत अक्षरं शिकले. त्यामुळं लिहिण्यात काही चुकलं तर कुठल्या मास्तराला बोल लावू नका, थेट मला सांगा. उत्तर मिळेल.

वखार बंद झाल्याचं कळताच पुण्याहून लेकाचा फोन. "आई, बास झालं आता. इकडं ये. पोरांकडं बघ आणि निवांत राहा."

पोरांकडं बघायचं आणि निवांतही राहायचं, हे एकाच घरात कसं जमतं ते मी विचारलं. फोनवर रेंज गेली.

तेवढ्यात बोरगावची पद्मा आली. वखारीत माझ्या शेजारी बसून पाला निवडण्यात तिचा जन्म गेलेला. म्हणाली, "आक्का, बेळगावात एक एजन्सी बायकांना सेक्युरिटी गार्डचं ट्रेनिंग देतीया. सर्टिफिकेट असलं तरच ड्यूटी. वखारीतल्या बाकीच्या बी निघाल्यात." त्या सर्टिफिकेटाला आम्ही पहिल्या दिवसापासून लायसनच म्हणालो.

लेकाला कळवलं. तो हसला. "कर हौस. पण नापास झालीस तर गुमान पुण्याला यायचं."

मी म्हटलं, "ठरलं."

*

ट्रेनिंगच्या आधी पोलीस चौकशी असते. एक कॉन्स्टेबल गल्लीत आला आणि नेमका सुमनच्या दारात थांबला. सुमन माझी शेजारीण. नळावरून आमचं बोलणं बंद होतं, पण घराची किल्ली मात्र तिच्याकडंच असायची. मी दाराआड उभी राहून ऐकत होते.

"या बाईंचं कॅरेक्टर कसं आहे?"

"कॅरेक्टर चांगलं हाय. तोंड लई वाईट."

"लई म्हणजे?"

"मागं एकानं हिच्या दारात टेम्पो लावलता. तो अजून ह्या गल्लीत येत न्हाय."

कॉन्स्टेबल मोटारसायकलवर बसला. जाता जाता म्हणाला, "मग काय अडचण न्हाय. गेटवर तेच लागतंय."

*

आमचे ट्रेनर म्हणजे सुभेदार सर. काकतीचे, फौजेतून रिटायर झालेले, मिशा अजून नोकरीत. पास-नापास त्यांच्याच हातात. पहिल्या दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"आजी, पळता येईल?"

"आक्का म्हणा. आणि पळायचं चोरानं असतंय सर. मी गेट लावणार."

सर म्हणाले, "बघू." फौजेतला माणूस 'बघू' म्हणाला की समजावं, तो बघणार आहे. त्या दिवशी मला पहिल्यांदा पुणं जवळ दिसलं.

*

आमचं ग्राउंड सांबऱ्याच्या रस्त्याला लागून होतं. संशयित माणसाला हाळी मारून थांबवायचं कसं, ते सर शिकवत होते. बायका लाजत होत्या. घरात नवऱ्याला नावानं हाक न मारलेल्या, परक्या गड्याला 'थांब' कुठून म्हणणार? सर वैतागले. "पोटातून आवाज काढा. आक्का, तुम्ही या."

मी आले. पोटातून काढला.

कुंपणापलीकडं रस्त्यावरून बस चालली होती. ती थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं आणि विचारलं, "काय झालं हो?"

सर म्हणाले, "काय न्हाय, जावा तुम्ही." मग माझ्याकडं वळून, "पोटातून म्हटलं होतं. बेंबीच्या देठापासून न्हवं."

*

युनिफॉर्म मिळाला. पँट, शर्ट, टोपी, खांद्यावर पट्टी. जन्मात पहिल्यांदा पँट घातली. दोन पायांना दोन वेगळ्या वाटा मिळाल्यासारखं वाटलं. निपाणीहून बसमध्ये चढले आणि दारापाशी उभी राहिले. कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं, पट्टी बघितली, आणि भराभरा तिकिटं फाडायला लागला. मागच्या सीटवरच्या ज्या माणसाशी इतका वेळ गप्पा मारत होता, त्यालाही फाडून दिलं.

संकेश्वर गेल्यावर हळूच जवळ येऊन म्हणाला, "मॅडम, चेकिंग संपलं काय?"

मी आधार कार्ड दाखवलं. "मला बायकांचं फुकटातलं तिकीट दे."

त्यानं ते फाडलं आणि मागच्या माणसाचे पैसे परत द्यायला गेला.

*

हा किस्सा हसण्याचा आहे की नाही, मला माहीत नाही.

वखारीत सुटीचा भोंगा झाला की आम्ही फाटकापाशी रांग लावायचो आणि हात वर करायचो. मुकादमाची बाई कंबर, ओटी, पदर चाचपायची. कुणी चिमूटभर तंबाखू घरी नेऊ नये म्हणून. रोज. त्याचं काही वाटेनासं झालं होतं.

ट्रेनिंगच्या हॉलमध्ये एका संध्याकाळी सरांनी वर्ग संपल्याची शिट्टी मारली. वखारीतल्या आम्ही सगळ्या उठलो, दारापाशी रांग केली आणि हात वर केले.

सर मागं वळले. "हे काय? सरेंडर?"

पद्मा म्हणाली, "झडती घ्या की सर. घरला जायचंय."

सरांनी शिट्टी खिशात घातली. म्हणाले, "हात खाली घ्या. हितनं पुढं झडती तुम्ही घ्यायची."

*

शेवटी प्रत्यक्ष गेटवर परीक्षा. पद्माला एका कॉलेजचं गेट मिळालं, दुपारची पाळी. पद्मा जैन. दिवस मावळल्यावर अन्न घेत नाही. डबा उघडायला उशीर झाला, भाकरी अर्धी राहिली आणि आतून प्रिन्सिपॉलांची गाडी आली. हॉर्न वाजला.

पद्मा बसल्या जागेवरून म्हणाली, "थांबा साहेब, दिवस बुडाय लागलाय."

प्रिन्सिपॉलांनी काच खाली केली. आभाळाकडं बघितलं. गाडी बंद केली आणि मागच्या सीटवरचा स्वतःचा डबा काढला. ते चिकोडीकडचे, तेही जैन. दोघं गेटापाशी शांतपणे जेवले. मागं गाड्यांची रांग लागली.

सुभेदार सर पळत आले. "गेट का बंद?"

"दिवस मावळला की उघडते, सर."

सरांनी पद्माला परत परीक्षा द्यायला लावली. सकाळच्या पाळीत. पद्मासारख्या गरीब बाईला सोडलं नाही, तर मला काय सोडणार? 

*

माझी परीक्षा एका कारखान्याच्या गेटवर होती. नियम एकच: मालकाच्या सहीचा गेट पास असल्याशिवाय कुठलाही माल हलू द्यायचा नाही. सर बाजूला खुर्ची टाकून बसलेले.

पुण्याच्या नंबरची पांढरी गाडी येऊन थांबली. आत लेक.

"आई, झालं का तुझं? चल, बस."

"गाडी बंद कर. डिकी उघड."

"आई, मी आहे."

"दिसतंय. डिकी उघड."

त्यानं उघडली. आत माझी पत्र्याची ट्रंक. माझी वळकटी. पाटा-वरवंटा. पंच्यात गुंडाळलेले देव्हाऱ्यातले देव. मी नापासच होणार असं धरून त्यानं सुमनकडून किल्ली घेतली होती आणि येता येता घर रिकामं केलं होतं.

मी देवांवरचा पंचा नीट केला.

"हा माल कुणाचा?"

"तुझाच की, आई."

"गेट पास?"

"कसला गेट पास?"

"मालकाच्या सहीचा. त्याशिवाय माल हलत न्हाय."

"अगं, पण मालक तूच ना?"

"व्हय. आणि मी सही केलेली न्हाय."

लेकानं सरांकडं बघितलं. "सर, तुम्ही तरी सांगा हिला."

सर खुर्चीतून उठले नाहीत.

"मी काय सांगणार? गेट त्यांचं हाय. तुम्ही गाडी मागं घ्या, लाईन लागलीया."